शिलाई किती, नाव किती?

'ब्रँड' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ डाग. तापलेल्या लोखंडानं जनावराच्या पुठ्ठ्यावर दिलेला डाग. जनावर चुकून दुसऱ्याच्या रानात शिरलं, तर ते कोणाच्या मालकीचं हे कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. आता तुम्ही एखाद्या संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर दहा मिनिटं उभे राहा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पाठीकडे, छातीकडे, कमरेच्या पट्ट्याकडे पाहा. (छातीकडे पाहताना पुरुषांच्याच पाहावं, नाहीतर डाग तुमच्या गालावर उमटेल.) डाग दिसतील. पुसट नव्हेत, चांगले वीतवीतभर. फरक एवढाच, की जनावराला डाग देताना त्याचे पाय बांधावे लागत आणि ते हंबरडा फोडी. आपण रांगेत उभे राहून, वर पैसे मोजून डाग घेऊन येतो आणि ज्या कागदी पिशवीतून तो आणला ती पिशवीसुद्धा कपाटावर जपून ठेवतो.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांच्या अंगावर आत्ता असा एखादा डाग असेल त्यांना पान उलटता येईल. कपड्यावरचं नाव जितकं मोठं, तितकी आतली शिलाई छोटी. या नियमाला अपवाद आहेत; पण ते बँकेत वेळेवर हप्ता भरणाऱ्या माणसांसारखे. असतात, पण त्यांच्यासाठी कोणी कायदे करत नाही.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम., जन्म साताऱ्याचा, नोकरी सांगलीची. आता 'कारकून' म्हणालो खरा. पण बँकभरतीच्या जाहिरातीत 2025 साली आमच्या जातीचं नामांतर झालं. क्लार्क गेला आणि 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' आला. काउंटर तोच, खुर्ची तीच, पेनाला बांधलेला दोरा तोच आणि दोऱ्याच्या टोकाला पेन नसणंही तेच. फक्त लेबल बदललं. तेव्हा लेबल बदलल्यानं आतला माल बदलत नाही हे मी अधिकारवाणीनं सांगू शकतो. आतला माल मीच आहे.

आमच्या लहानपणी कपडा घेणं ही एक परीक्षा असे, आणि परीक्षा कपड्याची असे, आपली नव्हे. साताऱ्याच्या खण आळीत किंवा सांगलीच्या कापड पेठेत दुकानदार गादीवर बसून ठाणामागून ठाण उलगडायचा. वडील कापडाचं टोक चिमटीत धरून चुरगाळायचे आणि सोडून द्यायचे. सुरकुती राहते की जाते ते पाहायचं. मग ते टोक उजेडाकडे धरायचं. पलीकडचा माणूस दिसला तर कापड विरळ. मग एक सूत ओढून तोडायचं. शेवटी दुकानदाराला विचारायचं, "आटतं का हो?" तो म्हणायचा, "एका पाण्यात आटेल ते आटेल, मग मरेपर्यंत नाही." कोणाच्या मरेपर्यंत, हे तो सांगत नसे, पण बहुतेक वेळा कापडच जिंकायचं. वडिलांचा कोट मोठ्या भावानं घातला, मग मी घातला, आणि आता तो इस्त्रीखाली घालायच्या घडीच्या रूपानं नोकरीत आहे. त्याला अजून निवृत्ती नाही.

कापड घेतलं की शिंपी. शिंपी मापं घेताना बाहीला, कमरेला, पँटच्या खालच्या दुमडीला दोन बोटं जागा जास्त सोडायचा. त्याला आमच्याकडे 'मार्जिन' म्हणतात. आमच्या बँकेतही मार्जिन असते. कर्ज देताना वस्तूच्या पूर्ण किमतीइतकं देत नाहीत, थोडं मागे ठेवतात, कारण उद्याचं कोणी सांगितलंय? शिंप्याचंही तेच. पोरगं वाढेल, नवरदेवाचं पोट सुटेल, हे त्याला आधीच दिसत असे. त्या दोन बोटांत माणसाच्या भविष्याबद्दल आदर होता.

आता नामांकित दुकानातून आणलेली पँट उलटी करून बघा. शिवणीच्या कडेला सुपारीच्या खांडाएवढीही जागा नसते. वजन चार किलोंनी वाढलं, तर पँट सैल करता येत नाही; नवीन घ्यावी लागते. मार्जिन गेली कुठे? गेली नाही. ती कपड्यातून निघून किमतीत बसली. टाक्यांचंही तसंच. इंचाला टाके कमी घातले की दोराही वाचतो आणि मशीनचा वेळही वाचतो. एका शर्टात ही बचत काही पैशांची. लाखभर शर्टांत ती एका वातानुकूलित ऑफिसची. गिऱ्हाइकाला मात्र ती पाचव्या धुण्याला, काखेत, आणि बहुधा बसमध्ये दांडी धरलेली असताना कळते.

नावांची तर मजाच आहे. लुई फिलिप हा फ्रान्सचा राजा होता. 1830 ते 1848 असं अठरा वर्षं त्यानं राज्य केलं, मग क्रांती झाली आणि गादी सोडून तो 'मिस्टर स्मिथ' असं नाव घेऊन इंग्लंडला पळाला. म्हणजे जीव वाचवण्यासाठी ज्याला स्वतःचं लेबल उसवून टाकावं लागलं, त्याचं नाव आपण शर्टावर मिरवतो. बरं, तो शर्ट तरी फ्रेंच? छे. 1989 साली भारतात बाजारात आलेला आणि आज आदित्य बिर्ला समूहाच्या मालकीचा. 'माँटे कार्लो' म्हटलं की समुद्र, जुगारघरं आणि पांढऱ्या होड्या डोळ्यांपुढे येतात, स्वेटर लुधियान्याचे. यात लबाडी नाही, लुधियान्यात स्वेटर उत्तमच होतात. माझा प्रश्न कंपनीला नाही, आपल्याला आहे. त्याच स्वेटरचं नाव 'लुधियाना' ठेवलं असतं, तर आपण तो लग्नात घातला असता का? विट्याच्या यंत्रमागावर विणलेल्या कापडाचा कोणी 'विटा' नावाचा शर्ट काढला, तर आपण तो कॉलर वर करून मिरवू का? इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणताना आपली छाती फुगते. पण छातीवर इचलकरंजी लिहायचं म्हटलं की ती लगेच आत जाते.

माझे एक सहकारी आहेत, शेजारच्याच काउंटरवर बसतात. ते म्हणाले, "अहो, तुम्हाला कळत नाही. ब्रँडला व्हॅल्यू असते." मी कॉमर्सचा माणूस, व्हॅल्यू म्हटलं की मी ताळेबंद काढतो. आणि ताळेबंदात काय दिसतं ते सांगतो. आपल्याकडच्या हिशेबाच्या मानकांत सव्वीस क्रमांकाचं एक मानक आहे. ते म्हणतं, कंपनीनं स्वतःच घरच्या घरी वाढवलेला ब्रँड तिला आपल्या पुस्तकात मालमत्ता म्हणून दाखवता येणार नाही. का? तर त्याची किंमत खात्रीनं मोजता येत नाही म्हणून. म्हणजे पाहा, ज्या नावाचा एक रुपयाही कंपनीला आपल्या वहीत जमेला धरता येत नाही, त्याच नावाचे दीड हजार रुपये ती माझ्या पगारातून वसूल करते! तिच्या हिशेबनिसाला जे मोजता आलं नाही, ते आपले चिरंजीव दुकानात उभ्या उभ्या मोजून देतात.

आमच्याकडे सोनेतारण कर्ज मिळतं. सराफ येतो, दागिना काट्यावर ठेवतो आणि सोन्याचं वजन सांगतो. घडणावळ धरत नाही. कितीही नक्षी असो, "साहेब, सोनं एवढं," म्हणून मोकळा होतो. असा एक सराफ कपड्यांच्या दुकानाच्या दारात बसवावा, असं मला फार वाटतं. बाहेर पडणाऱ्याच्या हातातली पिशवी काट्यावर घ्यावी आणि शांतपणे सांगावं, "साहेब, कापड एवढं. शिलाई एवढी. बाकी घडणावळ."

आता पर्सकडे वळू. हा विषय नाजूक आहे. पण घरात मी एकटाच असताना लिहितोय, त्यामुळे भीती नाही.

आमच्या सौ.ला तिच्या भावानं दिवाळीत एक पर्स पाठवली. नाव मी सांगणार नाही. नाव सांगायला मला त्यांनी पैसे दिलेले नाहीत, उलट आमच्या मेहुण्यांनीच दिलेत. किंमत चार आकडी, आणि पहिला आकडा लहान नव्हे. पर्सबरोबर एक कापडी पिशवी आली, पर्स ठेवायला. पिशवीबरोबर एक पत्रक आलं, पर्सची काळजी कशी घ्यावी याचं. ऊन लागू देऊ नये, पाणी लागू देऊ नये, घाम लागू देऊ नये, वजन घालू नये. एवढी पथ्यं आमच्या आजोबांना हृदयविकारानंतरही नव्हती. सौ.नं ती सगळी पाळली. पर्स कपाटात राहिली, आणि भाजी आणायला गहू दळून आणायची जुनी पिशवीच जात राहिली.

एक पावसाळा गेला. श्रावणात हळदीकुंकवाला म्हणून पर्स बाहेर काढली, तर तिला कांजिण्या आलेल्या. जिथे हात लावावा तिथलं कातडं पापुद्र्यासारखं सुटून बोटाला चिकटत होतं. हळदीकुंकवात ज्या ज्या बायकांनी "अय्या, कुठून घेतली?" म्हणून हात लावला, त्या सगळ्या काळं तीट लावल्यासारख्या घरी गेल्या.

दुकानात फोन केला. उत्तर आलं, "नॉर्मल वेअर अँड टेअर, सर." मी म्हटलं, "अहो, वेअर झालेलंच नाही. नुसतंच टेअर झालंय." पलीकडून थोडा वेळ संगीत ऐकू आलं.

मग मी जरा चौकशी केली. त्यातून कळलं ते असं, की हे चामडं नव्हेच. कापडावर पॉलीयुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा थर चढवलेला असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो थर आतून तुटत जातो. वापरा की वापरू नका, बंद कपाटात ठेवली तरी तो आपलं काम करत राहतो. म्हणजे आपल्या चार महिन्यांच्या पावसात ही पर्स जन्मतःच अल्पायुषी. चामड्याचं तसं नाही. त्याला बुरशी येईल, पुसून तेल लावलं की ते पुन्हा उभं राहतं. पण या प्लॅस्टिकला हल्ली 'व्हीगन लेदर' म्हणतात. शाकाहारी चामडं! पूर्वी त्यालाच रेक्झिन म्हणायचे आणि रिक्षाच्या सीटला लावायचे. रिक्षावाल्यानं कधी सीटसाठी वेगळी कापडी पिशवी मागितल्याचं ऐकिवात नाही.

वस्तूची खरी परीक्षा कोणती, हे सांगलीकरांना कोणी शिकवायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कापड पेठ आणि मारुती रोड पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर घराघरांतून गच्चीवर, कठड्यावर, तारेवर वाळत घातलेले कपडे मी पाहिलेत. आईचं सुती नऊवारी चार वेळा धुतल्यावर चिखलाचा रंग सोडून पुन्हा पातळ झालं. काही कपड्यांचे रंग एकमेकांना भेटून आले. आणि एका नामांकित जाकिटाच्या पाठीवरचं नाव तेवढं शाबूत होतं; जाकीट त्याच्याभोवतीनं उसवलं होतं. त्या कंपनीनं मजबुती कशात घातली होती, ते कृष्णामाईनं दाखवून दिलं.

तुम्ही म्हणाल, हा माणूस जुन्या काळाचा भाट आहे. रेडीमेड कपड्यांनी केलेलं भलं याला दिसतच नाही.

दिसतं ना! शिंप्यानं "परवा नक्की" म्हणावं आणि परवा त्यानं दुकान उघडू नये, हे मी भोगलंय. मुंजीचा शर्ट लग्नाला मिळाला, असा एक नातेवाईक आमच्याकडे आहे. ब्लाऊजच्या बाहीवरून शेजारणींनी शिंप्याशी केलेली भांडणं मी झोपेत ऐकलीत. रेडीमेडमध्ये माप ठरलेलं, अंगाला बसतं की नाही ते तिथल्या तिथे कळतं, आवडलं नाही तर बदलून मिळतं. नोकरीला जाणाऱ्या बाईला शिंप्याकडे सहा खेपा घालायला वेळ कुठला? आणि स्वस्त तयार कपड्यानं गरिबाघरच्या पोरालाही दसऱ्याला नवा शर्ट मिळू लागला, ही गोष्ट लहान नाही. माझं भांडण तयार कपड्याशी नाही. ज्याची निम्मी किंमत नावाची असते आणि ते नाव वस्तूच्या नंतर नव्हे तर आधी जन्माला आलेलं असतं, त्याच्याशी आहे.

कारण नाव कमावणं म्हणजे काय, हे आमच्या दोन जिल्ह्यांना ठाऊक आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर काढले. लोखंडानं जमीन नासेल म्हणणाऱ्या शेतकऱ्याला ते नांगर खपवायचे होते. तिथे नुसत्या नावानं काय होणार? नांगर जमिनीत जावा लागतो. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगल्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला, तो त्याची काच टिकली आणि वात भडकली नाही म्हणून. भिलवडीच्या चितळ्यांचं दूध 1939 पासून लोक पितात. दूध नासलं असतं, तर नाव दुसऱ्या दिवशी नासलं असतं. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. चितळ्यांच्या दुधाची पिशवी कोणी छातीवर चिकटवून फिरलेलं मी अजून पाहिलं नाही. जे नाव खरोखर मालाची हमी देतं, ते मालावर असतं. जे गिऱ्हाइकाच्या अंगावर येतं, ती जाहिरात असते. आणि जगाच्या इतिहासात हा एकच जाहिरात-फलक असा, जो स्वतःच भाडं भरतो.

हे चिरंजीवांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, इट्स नॉट अ शर्ट. इट्स अ स्टेटमेंट." मी म्हटलं, "स्टेटमेंट मी रोज छापतो. त्यात शेवटी शिल्लक दाखवावी लागते."

यावर शहाण्या माणसांचं एक उत्तर ठरलेलं असतं : "हे सगळं मधल्या ब्रँडचं हो. खरे मोठे, परदेशी, लाख-लाखांचे जे आहेत ना, तिथे क्वालिटी असते." चला, तिथेही जाऊ. तिकीट काढायला नको, कोर्टाची कागदपत्रंच वाचू.

जून 2024 मध्ये इटलीतल्या मिलान शहराच्या न्यायालयानं डिओर या जगप्रसिद्ध नावाची पर्स बनवणारी तिथली कंपनी वर्षभरासाठी आपल्या देखरेखीखाली घेतली. तपासात दिसलं, की दुकानात सुमारे 2,600 युरोला विकल्या जाणाऱ्या एका पर्सच्या जुळणीसाठी कंत्राटदाराला 53 युरो दिले जात होते. चामडं आणि इतर सामान त्यात धरलेलं नाही, हे खरं. पण तरी आकडे बघा. त्या वेळच्या दरानं पर्स दोन लाख तीस हजारांच्या घरात, आणि ती शिवणाऱ्या कारखान्याला पाच हजारांहून कमी. शेकडा दोन! या कंत्राटी कारखान्यांत कामगार तिथेच झोपत, आणि काम झपाट्यानं व्हावं म्हणून मशीनवरची सुरक्षेची झाकणं काढून टाकलेली, असंही त्या कागदांत होतं. पुढे कंपनीनं देखरेखीची पद्धत सुधारली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयानं आपला हात काढून घेतला, हेही सांगायला हवं. पण शेकडा दोन हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या सौ.च्या पर्सला प्लॅस्टिक तरी होतं म्हणून दोष देता येतो. इथे चामडं उत्तम असूनही लाज वाटावी असा हिशेब आहे.

व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1899 सालीच हे लिहून ठेवलंय. काही वस्तू माणसं महाग असूनही घेतात असं नाही, महाग आहेत म्हणूनच घेतात. स्वस्त केल्या तर घेणार नाहीत. बी. कॉम.ला हे दोन मार्कांना होतं. तेव्हा मला वाटलं, अमेरिकेतल्या शेठजींची गोष्ट असेल. मग 2025 साल उजाडलं आणि ती गोष्ट थेट आमच्या पायाशी आली. अक्षरशः पायाशी.

त्या जूनमध्ये मिलानलाच प्राडा या कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांचं प्रदर्शन भरवलं. गोरी पोरं तुरुतुरु चालत आली, आणि त्यांच्या पायांत काय? आपली कोल्हापुरी चप्पल! तोच अंगठा, तशीच वेणी. कंपनीनं नाव दिलं होतं, 'चामडी सँडल'. कोल्हापूरचा उल्लेख नाही. वर्तमानपत्रांत लाखाच्या पुढची किंमत छापून आली. महाराष्ट्रात गहजब झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं मान्य केलं, की होय, ही भारतीय हस्तकलेवरून सुचलेली आहे. आणि डिसेंबर 2025 मध्ये बातमी आली, की महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन प्राडासाठी अशा 2,000 जोड्या इथे तयार होणार आणि फेब्रुवारी 2026 पासून सुमारे 800 युरोंना जोडी, म्हणजे ऐंशी हजारांच्या पुढे, विकल्या जाणार.

आता इथे आमच्या सातारा-सांगलीकरांनी कान टवकारावेत. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, असे आठ जिल्हे त्यात आहेत. आणि महाराष्ट्रातल्या चारांत कोल्हापूर, सोलापूर यांच्याबरोबर सांगली आणि सातारा आहेत. म्हणजे हे पायताण कायद्यानंही आमचंच. पण हे किती जणांना माहीत होतं? माझ्या ब्रँचमध्ये विचारलं. सतरा माणसांपैकी प्राडा बारा जणांना माहीत, आणि मानांकन दोघांना. त्या दोघांतला एक मी.

प्राडावर संतापणं सोपं होतं, आणि आम्ही ते मनापासून केलं. पण ज्या आठवड्यात आम्ही संतापत होतो, त्याच आठवड्यात चपलेच्या दुकानात काय चाललं होतं? हजार-बाराशेची जोडी हातात घेऊन गिऱ्हाईक म्हणत होतं, "नऊशेला द्या, दोन घेतो." मीठ, चुना, हिरडा आणि बाभळीच्या सालीत मुरवलेलं चामडं, कातड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, खिळा नाही, हातानं गुंफलेली वेणी, आणि चालताना तो करकर आवाज. यातल्या एकाही गोष्टीचं आपल्याला कौतुक नसतं, असतं ते शंभर रुपये कमी झाल्याचं. आणि तेच गिऱ्हाईक दोन दुकानं पलीकडे काचेच्या दारातून आत जातं, तेव्हा तिथे चिठ्ठीवरचा आकडा देवाच्या पादुकांसारखा डोक्याला लावतं. तिथे घासाघीस करायची नसते. तिथे 'सेल' लागायची वाट पाहायची असते. वर्षातले आठ महिने जो माल निम्म्या किमतीत मिळतो त्याची पूर्ण किंमत कोणती, हा प्रश्न तिथे विचारला, तर लोक आपल्याकडे गरीब नातेवाइकाकडे पाहावं तसे पाहतात.

म्हणून माझी तक्रार मिलानकडे कमी आणि मारुती रोडकडे जास्त आहे. परक्यानं आपल्या चपलेला ऐंशी हजार लावले, याचं दुःख करण्याआधी आपण तिला नऊशे लावत होतो, त्याचा हिशेब द्यायला नको का? कोल्हापुरीचा अंगठा उसवला, तर कोपऱ्यावरच्या कारागिराकडून दहा मिनिटांत शिवून मिळतो. तळ झिजला तर नवा लागतो. जी वस्तू दुरुस्त होते, ती टिकाऊ. ज्या वस्तूला दुरुस्तीच नाही, तिच्यावर कितीही मोठं नाव असो, ती उसनी आणलेली आहे. परत कधी न्यायची तेवढं कंपनी ठरवते.

साताऱ्यात आमचे एक शिंपीकाका आहेत. माझ्या लग्नाचा सूट त्यांनी शिवला. आता त्यांच्याकडे सूट येत नाहीत, पँटी येतात. काचेच्या दुकानांतून घेतलेल्या, चार हजारांच्या, खालून लांब झालेल्या. काका त्या कापून, दुमडून देतात. शंभर रुपये. त्यावरही गिऱ्हाईक म्हणतं, "नुसती दुमड तर घालायची, काका. पन्नास घ्या." काकांचा मुलगा त्याच काचेच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालायला आहे. त्याला शिवता येतं, बापाकडे शिकलाय. पण तिथे शिवायला काही नसतं. परवा काका एक पँट उलटी करून शिवणीवरून बोट फिरवत मला म्हणाले, "सायेब, शिवणाऱ्याचा हात चांगला हाय. पण त्याला घाई केलीय कुणीतरी." त्या न पाहिलेल्या कारागिराबद्दल काकांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, ब्रँडवरची इतकी अचूक टीका मी कुठल्याही अंकात वाचलेली नाही.

तेव्हा मागणं काही फार नाही. आमच्याकडे साधं बचत खातं उघडायचं तरी आम्ही फोटो मागतो, पत्ता मागतो, आधार, पॅन मागतो. 'केवायसी' म्हणतात त्याला. दर काही वर्षांनी पुन्हा मागतो आणि शिव्या खातो. अशीच एक केवायसी कपड्यांची करावी. कॉलरमागच्या त्या रेशमी चौकोनावर राजाचं नाव असू दे, घोडा असू दे, मगर असू दे. पण त्याखाली एवढं लिहा : कापड कुठलं, शिवलं कुठे, शिवणाऱ्याला किती मिळाले, आणि उसवलं तर दुरुस्त कोण करून देणार. चार ओळी. जागा नसेल तर मगर थोडी लहान करा.

आणि तोवर आपण काय करायचं? दुकानात गेलं की पहिल्यांदा कपडा उलटा करायचा. सुलटी बाजू कंपनीनं आपल्याला दाखवण्यासाठी केलेली असते, उलटी बाजू तिनं कशी केली ते दाखवते. शिवण ओढून पाहायची, बटण हलवून पाहायचं, चेन चार वेळा उघडमीट करायची, पर्सच्या बंदाला लोंबकळून पाहायला मिळालं तर तेही. विक्रेता बघेल, बघू दे. तो बहुधा एखाद्या शिंप्याचाच मुलगा असेल, त्याला मनातून बरंच वाटेल. सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के आणि त्यावरच्याला अठरा टक्के जीएसटी आहे, हेही ध्यानात ठेवावं. नावाच्या नादानं अडीच हजारांची वेस ओलांडली, की सरकारही त्या नादावर तेरा टक्के जास्त घेतं. आणि सरकारला तर कापडातलं काहीच कळत नाही.

एवढं सगळं करूनही घ्यावंसं वाटलंच, तर अवश्य घ्या. फक्त पावती घेतल्याबरोबर तिची झेरॉक्स काढून ठेवा. तो कागद असा असतो, की त्याच्यावरचं छापील चार-सहा महिन्यांत उडून जातं. पावतीवरची किंमत आणि शर्टाचा रंग यांत आधी कोण उडतं, अशी पैज आमच्या ब्रँचमध्ये सध्या लागलेली आहे. पावती दोन धुण्यांनी पुढे आहे.